चौघांचा पट, दोघंच भिडू: कॅटन कमी माणसांत खेळण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चौघांसाठी बनलेला खेळ दोघांत खेळायचा खटाटोप कशासाठी?

अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमच्या अमळनेरच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. सुरतेहून भाऊ येतो, नाशिकहून आतेभाऊ येतो, बहिणी माहेरी आलेल्या असतात. बाहेर निंबाला झोके बांधलेले, ओसरीवर मोठ्यांचे पत्ते रंगलेले आणि आतल्या खोलीत सतरंजीवर आमचा कॅटनचा पट. चौघं खेळतात, चौघं मागे उभे राहून सल्ले देतात. आठवडा संपला की सगळे आपापल्या गाड्या धरतात आणि घरात उरतो मी, बायको आणि बारावीतली मुलगी. मुलगी क्लासला गेली की आम्ही दोघंच.

खानदेशातल्या कितीतरी घरांत हेच आहे. पोरं नोकरीला सुरत, पुणे, नाशिक. खेळाचा खोका कपाटावर. वर्षातले अकरा महिने तो तिथेच पडून राहावा हे मला पटत नाही. म्हणून आम्ही खेळच माणसांच्या मापाने बेतायला लागलो. त्यातून जे हाती आलं आणि लोक आम्हाला जे विचारतात, ते इथे लिहिलं आहे.

कॅटन हा खेळ नेमका काय आहे?

क्लाउस टॉयबर या जर्मन माणसाने तो रचला. हा गृहस्थ तेव्हा दातांच्या प्रयोगशाळेत काम करत होता. खेळ १९९५ साली बाजारात आला आणि त्याच वर्षी जर्मनीचा ‘श्पील देस यारेस’ हा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार त्याला मिळाला. टॉयबर २०२३ मध्ये गेले.

१९ षटकोनी तुकड्यांचं एक बेट असतं. जंगल, कुरण आणि शेत प्रत्येकी चार, विटांची टेकडी आणि डोंगर प्रत्येकी तीन, आणि एक वाळवंट. आमच्याकडे त्या वाळवंटाला सगळे ‘पडीक’ म्हणतात. वाळवंट सोडून प्रत्येक तुकड्यावर अंकाची चकती. दोन फासे टाकायचे. जो अंक पडेल त्या तुकड्याला लागून ज्याची वस्ती, त्याला तिथला माल. मालातून रस्ते, वस्त्या, शहरं; वस्त्या-शहरांचे गुण. आधी १० गुण गाठेल तो जिंकला. मूळ खोक्यावर लिहिलेलं असतं: तीन ते चार खेळाडू.

एक-दोन भिडू कमी झाले तर बिघडतं काय? तेच नियम, तोच पट, चालायला काय हरकत?

आम्हीही आधी तसंच खेळलो. बायको आणि मी, पूर्ण पट, मूळ नियम. दीड तास चाललं आणि शेवटी दोघंही कंटाळलो. ती बेटाच्या वरच्या अंगाला, मी खालच्या. दोघांची गाठच पडली नाही. एकाच गावात राहून एकमेकांच्या दारात कधी न जाणाऱ्या शेजाऱ्यांसारखं.

पुढे विचार करताना कळलं की उठून गेलेला भिडू एकटा जात नाही, तीन गोष्टी बरोबर नेतो.

पहिली, दाटी. बेटावर वस्ती ठेवता येईल असे ५४ कोपरे आहेत आणि दोन वस्त्या लगतच्या कोपऱ्यांवर ठेवता येत नाहीत. चौघं असले की चांगले कोपरे झपाट्याने संपतात, म्हणून प्रत्येक रस्ता ही शर्यत होते. दोघांत शर्यत कोणाशी करणार?

दुसरी, मिळकत. ही सहज लक्षात येत नाही. कॅटनमध्ये फासे कोणीही टाको, माल सगळ्यांना मिळतो. चौघांत तुमच्या एका पाळीपासून पुढच्या पाळीपर्यंत फासे चार वेळा पडतात, दोघांत फक्त दोन वेळा. म्हणजे प्रत्येक पाळीला हातात माल निम्माच. पाळी येते, बांधायला काही नसतं, ‘पुढे चला’ म्हणून फासे सरकवायचे. खेळ रटाळ होण्याचं खरं कारण हे आहे.

तिसरी, सौदा. चौघांत मी तुम्हाला लोकर दिली आणि तुम्ही मला विटा दिल्या, तर आपण दोघं उरलेल्या दोघांच्या पुढे जातो. दोघांच्या खेळात मात्र माझ्या सौद्याने तुमचं जेवढं भलं होईल, तेवढं माझं नुकसान. म्हणून कोणी शहाणा माणूस सौदा करतच नाही. बाजार बंद.

नियम बदलायचे ते या तिन्ही गोष्टी परत आणण्यासाठी. माणूस परत आणता येत नाही, पण त्याने केलेली दाटी, आणलेला माल आणि उघडलेला बाजार परत आणता येतो.

तिघांसाठी काही बदलावं लागतं का?

नियमांत नाही. एक रंग खोक्यात ठेवून द्यायचा आणि खेळायचं. खेळ तिघांसाठी बनलेलाच आहे. पण तिघांत दोघं मिळून एकाला धरतात, आणि तो एक बहुतेक वेळा घरातला सर्वांत लहान असतो. आमच्याकडे यावर एकच बंधन आहे: ज्याचे गुण अजून दोनच आहेत, त्याच्या तुकड्यावर लुटारू (सात पडले की हलवायची, बसेल त्या तुकड्याचा माल अडवणारी सोंगटी) बसवायचा नाही. एवढ्याने पुरतं. मुलगी आठवीत होती तेव्हापासून हे पाळतो. आता तीच आम्हाला हरवते, पण बंधन तसंच ठेवलं आहे.

दोघांसाठी पट लहान कसा करायचा?

मांडणीच्या आधी जंगल, कुरण, शेत, टेकडी आणि डोंगर यांचा प्रत्येकी एक तुकडा बाजूला काढा. हे पाचही तुकडे पालथे करून बेटाच्या एका कडेला लावा: खालची तिघांची अख्खी ओळ आणि तिच्या वरच्या ओळीची दोन्ही टोकं. चौकट जशीच्या तशी राहते, तुकडे सरकत नाहीत. पालथ्या भागात कोणी बांधायचं नाही. मात्र चालू तुकड्याला लागून असलेली कड आणि कोपरे वापरायला मोकळे. त्या बाजूची बंदरंही (किनाऱ्यावरच्या, मालाची अदलाबदल स्वस्तात करून देणाऱ्या जागा) बंद.

आता उरले १४ तुकडे, त्यांतला एक पडीक. म्हणजे चकत्या हव्यात १३. मूळच्या १८ पैकी कोणत्या पाच काढायच्या, यावर आमची बरीच चर्चा झाली. शेवटी २, १२, एक ३, एक ११ आणि ४ किंवा १० यांपैकी एक, अशा काढल्या. कारण सांगतो. चकतीवर अंकाखाली बारीक ठिपके असतात. ३६ पैकी किती वेळा तो अंक पडू शकतो, ते त्यावरून कळतं. ६ आणि ८ ला पाच ठिपके, २ आणि १२ ला एकच. सगळ्या १८ चकत्यांवर मिळून ५८ ठिपके, म्हणजे एका तुकड्यामागे साधारण ३.२. या पाच काढल्यावर १३ चकत्यांवर ४९ उरतात, तुकड्यामागे जवळपास ३.८.

जमीन कमी झाली, पण कोरडवाहू गेली आणि बागायती राहिली. फासे कमी वेळा पडतात म्हणून मिळकतीत आलेली तूट यातून काही अंशी भरून निघते, आणि दाटी तर येतेच. पहिल्याच डावात बायकोने माझा रस्ता पाचव्या पाळीला अडवला. त्या दिवशी आम्ही लागोपाठ तीन डाव खेळलो.

सुरुवातीची वस्ती ठेवताना क्रम विसरू नका: एकाने एक, दुसऱ्याने दोन, मग पुन्हा पहिल्याने एक. लहान पटावर हा क्रम चुकला की अर्धा डाव तिथेच ठरतो.

‘मुका भिडू’ म्हणजे काय?

न बोलणारा, फासे न टाकणारा, पण जागा अडवणारा तिसरा खेळाडू. ही कल्पना आमची नाही. कॅटनच्या ‘ट्रेडर्स अँड बार्बेरियन्स’ या जोडखेळात दोघांसाठी अधिकृत नियम आहेत आणि त्यांत असे दोन मुके रंग असतात. सुरुवातीला त्या प्रत्येक रंगाची एक वस्ती पटावर असते. नंतर तुम्ही स्वतःसाठी रस्ता बांधला की एका मुक्या रंगाचाही एक रस्ता फुकट बांधायचा. वस्ती बांधली की त्याची वस्ती. वस्तीला जागा नसेल तर त्याऐवजी रस्ता. कुठे बांधायचं ते तुम्ही ठरवता. अर्थात प्रत्येक जण मुक्याला दुसऱ्याच्या वाटेत आणून उभा करतो. खेळाची सगळी धार यातच आहे.

त्याच नियमांत प्रत्येक पाळीला फासे दोनदा टाकतात आणि दोन्ही वेळा वेगवेगळे अंक यावे लागतात. तोच अंक पुन्हा आला तर परत टाकायचे. वर म्हटलेली मिळकतीची तूट रचणाऱ्यांनीही हेरली होती, हे पाहून मला फार बरं वाटलं.

तिसरा भाग व्यापाराच्या नाण्यांचा. दोघांकडे पाच-पाच नाणी. नाणं मोजलं की समोरच्याच्या हातातले दोन पत्ते न बघता ओढायचे आणि आपल्याकडचे कोणतेही दोन त्याला द्यायचे. गुणांत मागे किंवा बरोबरीत असाल तर एक नाणं, पुढे असाल तर दोन. तेवढ्याच नाण्यांत लुटारूला वाळवंटात परत पाठवता येतं. कोणी सौदा करत नाही, मग सौदा सक्तीचा करा, असा हा विचार. जोडखेळ विकत घ्यायची गरज नाही. वापरात नसलेल्या दोन रंगांचे मुके भिडू होतात आणि नाण्यांच्या जागी चिंचोके चालतात.

लहान पट आणि मुका भिडू, दोन्ही एकदम वापरले तर?

नका वापरू. आम्ही केलं होतं. बागायती तुकडे, त्यात दोनदा फासे, त्यामुळे हातात मालाचा ढीग साठतो आणि वर मुके रंग सगळे कोपरे खाऊन टाकतात. माल आहे, बांधायला जागा नाही. एका संध्याकाळी एकच पद्धत. नव्याने शिकणाऱ्यांना लहान पट सोपा जातो. मुरलेल्यांना मुका भिडू जास्त आवडेल.

नाणी नकोत. लहान पटावर सौद्याचं काय करायचं?

बँकेचा, म्हणजे मालाच्या सामायिक गठ्ठ्याचा, भाव थोडा सैल करा. मूळ नियमात बंदर नसेल तर एका जातीचे चार पत्ते देऊन हवा तो एक मिळतो. आम्ही ठरवलं की प्रत्येक पाळीत एकदाच तिनाला एक. त्यापुढे नेहमीप्रमाणे चाराला एक. सरसकट तिनाला एक केलंत तर साध्या बंदरांची किंमत शून्य होते आणि किनाऱ्याकडे कोणी फिरकत नाही. ‘एकदाच’ हा शब्द म्हणून महत्त्वाचा.

दोघांत लुटारू फार छळतो. काढून टाकला तर?

काढू नका, त्याच्यामुळेच लोक माल साठवून बसत नाहीत. तसं पाहिलं तर मूळ नियमांत दोघांना लुटारूचा धाक कमीच असतो. दोन फाशांत सात पडण्याची शक्यता सहात एक. चौघांत तुमच्या दोन पाळ्यांच्या मधल्या चार फेकींत निदान एकदा सात पडण्याची शक्यता सुमारे ५२ टक्के, दोघांत दोनच फेकी, म्हणून सुमारे ३१ टक्के. तरी छळ जास्त वाटतो, कारण बसवायला दुसरं गिऱ्हाईकच नसतं. दर वेळी तुमचाच तुकडा. मूळ नियमाप्रमाणे लुटारू लागोपाठ दोनदा त्याच तुकड्यावर ठेवता येत नाही, तेवढं मात्र आम्ही काटेकोर पाळतो.

दहा गुण ठेवायचे की बदलायचे?

दहाच ठेवा. एका गोष्टीकडे मात्र लक्ष असू द्या. सर्वांत लांब रस्त्याचे दोन गुण दोघांच्या डावात हातातून गेले, तर तुमचे दोन कमी आणि समोरच्याचे दोन जास्त, म्हणजे अंतर एका फटक्यात चारने बदलतं. घोडेस्वारांच्या सर्वांत मोठ्या फौजेला मिळणाऱ्या दोन गुणांचंही तेच. चौघांत हा धक्का सगळ्यांत वाटला जातो. या दोन पत्त्यांवरच तुमचे डाव संपायला लागले, तर मग १२ गुणांचा डाव करून पाहा.

खेळ चालू असताना एकाला उठून जावं लागलं तर?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यांत जास्त वेळा आला आहे. आमचा मेहुणा भुसावळला रेल्वेत गाडीवर आहे. तिघं रंगात आलेलो असतो, फोन वाजतो, ड्यूटीचा बोलावा येतो, आणि तो डबा भरायला उठतो. केळीच्या हंगामात रावेर-यावलकडच्या घरांतही असंच होतं. गाडी भरायला आली की पट सोडून माणूस निघाला. मग उरलेले एकमेकांकडे बघतात: आते काय करानं?

आधी डाव मोडायचो. आता मोडत नाही. गेलेल्याचे हातातले पत्ते बँकेत जातात, विकासपत्ते (माल देऊन घेतलेले घोडेस्वारासारखे खास पत्ते) बाजूला राहतात. लांब रस्त्याचा किंवा फौजेचा पत्ता त्याच्याकडे असेल तर तो मधे येतो आणि नियमाप्रमाणे पुढच्या हक्काच्या माणसाला मिळतो. त्याच्या वस्त्या, शहरं, रस्ते पटावर तसेच. त्यांना माल मिळत नाही, पण ते जागा अडवून उभे राहतात. न ठरवता मुका भिडू तयार.

खरी मेख फाशांची आहे. त्याची पाळी वगळू नका. त्याच्या पाळीचे फासे उरलेल्यांपैकी कोणीही टाकायचे, सगळ्यांनी माल घ्यायचा, बांधायचं मात्र कोणी नाही. यामुळे फेकींची संख्या पूर्वीइतकीच राहते आणि डावाची चाल बिघडत नाही. त्या फेकीत सात पडले तर सातापेक्षा जास्त पत्ते असलेल्याने निम्मे टाकायचे आणि लुटारू वाळवंटात जायचा. मेहुणा आता जाताना एवढंच विचारतो, ‘माझे फासे कोण टाकतंय भो?’ आणि परत आल्यावर डाव कोणी जिंकला ते विचारतो. मोडलेल्या डावाबद्दल कोणी कधी विचारत नसे.

दोघांनी प्रत्येकी दोन रंग घेतले तर?

सोंगट्यांत आपल्या आजे-पणज्यांनी हेच केलं. चौपटावर चार रंग, १६ सोंगट्या, समोरासमोरचे दोघं एका बाजूचे. दोघंच असले तर प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचाही रंग घ्यायचा. तिथे हे सुरेख बसतं, कारण तो खेळ जोडीचाच आहे आणि हात लपवायचा नसतो. चौघांच्या, फाशांवर चालणाऱ्या बुद्धिबळाचं वर्णन अकराव्या शतकात अल-बिरुनीने करून ठेवलं आहे; खेळाडूंच्या संख्येप्रमाणे खेळाची मांडणी बदलण्याची कल्पना आपल्याकडे तेव्हाही होती.

कॅटनमध्ये मात्र ते जमत नाही. एकाच माणसाचे दोन रंग आपसात सौदा करायला लागतात आणि हात वेगळे ठेवण्याला अर्थ राहत नाही.

रिस्क आणि डिप्लोमसीचं काय?

दोन्हींची उत्तरं त्यांच्या नियमपुस्तकांतच आहेत. रिस्क हा आल्बेर लामोरिस या फ्रेंच चित्रपट दिग्दर्शकाचा खेळ, १९५७ चा. त्यात ४२ प्रदेश असतात. दोघं असतील तर तिसरं तटस्थ सैन्य मांडायचं, प्रत्येकाला १४ प्रदेश आणि सुरुवातीला ४० सैन्य. तटस्थ हल्ला करत नाही, नुसता आडवा येतो. इथेही मुका भिडूच.

डिप्लोमसी (अ‍ॅलन कॅल्हॅमर, १९५९) अवघड. सात राष्ट्रं, ३४ केंद्रं, १८ मिळवणारा जिंकला. सहा जण असले तर इटली कोणी खेळत नाही, त्याचं सैन्य जागच्या जागी उभं राहतं. पाच असले तर जर्मनीही तसंच. चौघांत एकाकडे इंग्लंड आणि बाकीच्यांकडे दोन-दोन राष्ट्रं. हा खेळ सगळा कानगोष्टींवर आणि शब्द मोडण्यावर चालतो. माझं मत विचाराल तर पाचांच्या खाली तो मांडू नये. तिघांत कान भरायला माणूसच उरत नाही.

फासे हरवले. कवड्या चालतील का?

नाही. कवड्यांचं दान वेगळ्या प्रमाणात पडतं आणि चकत्यांवरचे ठिपके दोन फाशांचा हिशेब धरून काढलेले आहेत. त्यापेक्षा ३६ चिठ्ठ्या करा: २ ची एक, ३ च्या दोन, असं वाढवत ७ च्या सहा, मग उतरत १२ ची एक. डब्यात घालून ओढा, ओढलेली बाहेर ठेवा, संपल्या की पुन्हा भरा. दोघांच्या डावात मला हे फाशांपेक्षाही आवडतं, कारण फेकी कमी असल्या की नशिबाचा लहरीपणा फार टोचतो आणि चिठ्ठ्यांत तो आवाक्यात राहतो.

मे महिन्यात पंख्याखाली सगळं उडतं!

आमच्याकडे पारा त्रेचाळीसच्या वर जातो, पंखा बंद करणं शक्य नाही. मालाचे पत्ते खोक्याच्या झाकणात ठेवा, प्रत्येक गठ्ठ्यावर एक रुपयाचं नाणं. ऊन उतरल्यावर धाब्यावर (घराच्या गच्चीवर) सतरंजी टाकून बसलात तर उत्तम.

आमच्या घरचा नियम बरोबर आहे की नाही, कसं ओळखायचं?

एका वेळी एकच नियम बदला आणि निदान तीन डाव तसेच खेळा. खोक्यात एक पाठकोरी वही ठेवा. डाव किती वेळ चालला, किती फरकाने संपला, आणि किती पाळ्या कोणी काही न बांधता गेल्या, एवढं लिहा. शेवटचा आकडा सर्वांत बोलका असतो. पूर्ण पटावर दोघं खेळायचो तेव्हा तो दर डावाला दहाच्या वर जायचा. लहान पटावर तीन-चार.

अखाजीला पुन्हा चौघं जमले की?

पालथे तुकडे सरळ करा, काढलेल्या पाच चकत्या परत घाला आणि सुरुवातीला मूळ नियम एकदा मोठ्याने वाचा. गेल्या वर्षी आम्ही वाचले नाहीत. पहिल्याच पाळीत मुलीने तीन लोकरी बँकेसमोर ठेवून वीट मागितली. सुरतेचा भाऊ म्हणाला, असा कुठला नियम? मग तिने वही आणून दाखवली. त्याने ती तिथेच बसून पहिल्या पानापासून वाचली आणि जाताना तिचे फोटो काढून घेऊन गेला. सुरतेला तोही दोघांतच खेळतो.